चार बोटांचा फरक

“हिच्या तोंडाला कात्री लावायची नाय, शेठ. बाकी कुठंबी कापा.”

मी काउंटरमागच्या स्टुलावरून मान वर केली. पन्नाशीचे एक गृहस्थ दुकानाच्या पायरीवर ठेवलेल्या रेडिएटरवर पंजा पसरून वीत मोजत होते. टेप शेजारीच पडली होती. “तीन वीत आन् वर चार बोटं,” ते म्हणाले. “चार बोटं जास्त हाय. नाय बसायचा.”

द्वारका चौकाजवळ माझ्या वडिलांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बारावीनंतरच्या सुट्टीत मी तिथे बसत असे. कंपन्यांची जाडजूड माहितीपुस्तकं इंग्रजीत येत आणि ती वाचायचं काम माझ्याकडे होतं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे वाचता सगळं येई. चार माणसांसमोर मराठीत बोलायचं म्हटलं, की घसा कोरडा पडे.

त्या गृहस्थांना सगळे नाना म्हणत. चांदवडकडचे. एकच जुना ट्रक, तोही स्वतःच चालवायचे. जाताना मुंबईला कांदा, येताना मिळेल तो माल. तुम्ही गाडी धुणारे ट्रकवाले पाहिले असतील. नाना घाई असली तर गाडीचं फक्त तोंड धुवायचे. ते टॉवेलने पुसून झालं, की त्याच टॉवेलने स्वतःचं. क्रम कधी चुकला नाही.

ते तोंड त्यांनी स्वतः पत्रा ठोकून केलं होतं. मध्ये जाळी, दोन्ही बाजूंना रंगवलेले डोळे. दर दसऱ्याला डोळ्यांत नवं काळं भरायचे. मला एकदा म्हणाले, “बाजारात मला कोन वळखतंय, ताई? हिला वळखत्यात. हिचं तोंड दिसलं की हमाल लांबून हात करत्यात. भाडं हिला भेटतं, मी नुसता संगं असतो.”

जुनं इंजिन संपलं तेव्हा नानांनी होतं नव्हतं ते घालून मालेगावहून एक मोठं डिझेल इंजिन आणलं. अपघातात गेलेल्या नव्या ट्रकचं. इंजिन शाबूत होतं, पण त्याचा रेडिएटर चेपला होता, आणि नानांचा जुना रेडिएटर त्या इंजिनाला लहान पडत होता. आमच्या पायरीवरचा पुरला असता. पण तो बसवायचा तर समोरची जाळी दोन्हीकडून कापावी लागणार होती.

नानांनीच तोड काढली. जुन्याच चौकटीत नळ्यांची आणखी एक ओळ बसवून घ्यायची. रेडिएटर जाड होईल, रुंद होणार नाही. तोंड शाबूत.

दुकानातल्या सगळ्यांनाच ते पटलं. “होईल की,” वडील म्हणाले.

नाना माझ्याकडे वळले. “इंग्लिश ताई, पुस्तक काय म्हनतं?”

मी पान काढलंच होतं. रुंदी, उंची वाचून दाखवली. खाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या. भरलेल्या गाडीने चढ चढताना, रुंदी कमी असेल तर जाडी वाढवून भागत नाही, इंजिन तापेल. मला अर्थ कळला. मी मनात मराठी वाक्य जुळवायला लागले.

“अहो, तिला इंजिन पुढं असतं का मागं ते तरी माहितीये का?” एक ड्रायव्हर म्हणाला. सगळे हसले. नाना हसले नाहीत. ते थांबून होते.

“आनखी काय लिवलंय?”

“एवढंच,” मी म्हणाले, आणि पुस्तक मिटलं.

पंधरा दिवसांनी नाना पेरू घेऊन आले. थंडीचे दिवस होते. “चांदवडचा घाट चढलो, ताई! बर्फ हाय बर्फ!” मला बाहेर नेऊन त्यांनी रेडिएटरवर हात ठेवायला लावला. खरंच फारसा तापला नव्हता. पुस्तकं लिहिणारे उगाच घाबरवत असतील, असं मी ठरवून टाकलं. पेरू गोड होता.

मे महिन्यात मुंबईहून सिमेंट भरून येताना गाडी कसाऱ्याच्या घाटात उकळली. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. नानांनी तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं. इंजिनाच्या ब्लॉकला उभा तडा गेला, इंजिन कायमचं कामातून गेलं.

हे सांगायला ते एसटीने आले. “माझीच चूक. जरा दम धरायला पायजे व्हता.”

“एवढी वर्षं गाडी चालवून गार पानी, नाना?” तोच ड्रायव्हर म्हणाला. नाना मान हलवत राहिले. मी काउंटरमागे पेनाचं टोपण लावत होते, काढत होते.

ट्रक मालेगावला गेला आणि तिथे सुटा होऊन भागाभागांनी विकला गेला. आपण सांगितलं असतं तरी नानांनी ऐकलं नसतं, असं मी स्वतःला समजावत असे. इंग्रजीत. इंग्रजीत ते अगदी पटण्यासारखं वाटे.

सात-आठ वर्षांनी गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात मी लग्नाला गेले होते. गाड्या लावायच्या जागेत गळ्यात शिट्टी अडकवलेला एक म्हातारा दोन ड्रायव्हरांना काही सांगत होता. नानाच ते. “आन् हे येडं काय करतं? तापल्या इंजिनात भडाभडा गार पानी!” ड्रायव्हर हसले. त्यांच्याआधी नाना हसले. गोष्ट बरेचदा सांगून गुळगुळीत झालेली दिसत होती.

त्यांनी मला ओळखलं. “अगं ताई! केवढी झालीस!” मग त्या दोघांना म्हणाले, “हिच्या बापाच्या दुकानातच ठरलं व्हतं समदं. त्यांचा कायबी दोष नाय बरं का. या पोरीनं तर पुस्तक वाचून दावलं व्हतं मला. चूक माझी.”

आत मंगलाष्टकं सुरू झाली. कोणीतरी मला हाक मारली. मी तिकडे वळले नाही.

“नाना, मी ते सगळं वाचलं नव्हतं,” मी म्हणाले. “चढावर तो रेडिएटर पुरणार नाही, असं खाली लिहिलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं.”