खलबत्त्याखालची चिठ्ठी

ही फजिती मी आपणहून कुणाला सांगितली नसती. पण आमच्या सौभाग्यवती ती इथे कॅनडात, रिचमंड हिलमधल्या प्रत्येक मराठी घरी तिखटमीठ लावून सांगत सुटल्या आहेत. तेव्हा म्हटलं, निदान नेमक्या शब्दांत तरी ऐका.

निवृत्तीनंतर मी शेजारच्या चिनी ज्येष्ठांना आमच्या गराजमध्ये इंग्रजी शिकवतो. नकोशा वस्तू घालवण्याचे वाक्प्रयोग, हा त्या दिवशीचा पाठ. आता मला सांगा, तण उपटतात, कचरा फेकतात, जुने कपडे देऊन टाकतात. प्रत्येक क्रियेला स्वतःचा शब्द आहे की नाही? पण या मंडळींचा सगळ्याला एकच 'थ्रो'. तण थ्रो, कोट थ्रो. 'हो' आडनावाच्या एक बाई तर शांतपणे म्हणाल्या, "पाहुणे फार दिवस राहिले, मग मी थ्रो केले."

माझं डोकं सणकलं. शब्दांची अशी हेळसांड मला सोसत नाही. मी ड्राइव्हवेवर टेबल मांडलं, त्यावर बेसमेंटमधली अडगळ ठेवली आणि प्रत्येक वस्तूला एकेका वाक्प्रयोगाची चिठ्ठी चिकटवली. मोडक्या पंख्याची 'गेट रिड ऑफ'ची चिठ्ठी मात्र वाऱ्याने सारखी सुटे. शेवटी वैतागून स्वयंपाकघरातला लोखंडी खलबत्ता आणला आणि तिच्यावर दाबून ठेवला.

खलबत्ता हिच्या आईचा. स्वतःच्या चार साड्या मागे ठेवून हिने तो विमानातून आणलेला.

"घोकंपट्टी पुरे," मी विद्यार्थ्यांवर कडाडलो. "चिठ्ठीवर लिहिलंय ते प्रत्यक्ष करा. टेबलावर एक वस्तू दिसता कामा नये." आणि तणतणत चहा प्यायला आत गेलो.

बाहेर आलो तर टेबल रिकामं. 'थ्रो आउट'चा टोस्टर गार्बेज बिनमध्ये. 'गिव्ह अवे'चा स्वेटर टपालवाल्याच्या अंगावर. पंखा नुसता गराजमध्ये सरकवलेला. त्याला चिठ्ठीच नव्हती ना.

"आणि खलबत्ता?"

लिनसाहेब, माझे सर्वांत आज्ञाधारक विद्यार्थी, घाम पुसत म्हणाले, "फार जड होता, सर. मी आणि हो बाईंनी मिळून उचलला. भंगारवाल्याचा ट्रक चालला होता. वुई गॉट रिड ऑफ इट."

वाक्य निर्दोष होतं. संताप त्याचाच आला.

"अहो, तो चिठ्ठी उडू नये म्हणून ठेवला होता!"

"गुरूंनी लिहिलं, आम्ही केलं," हो बाई म्हणाल्या.

मी गाडी काढून आसपासचे सगळे रस्ते पालथे घातले. ट्रक गेला तो गेलाच. घरी आलो तेव्हा ही दारातच उभी.

"अहो, आता चटणी कशात कुटू? तुमच्या शब्दकोशात?"

त्यानंतर अबोला.

पुढच्या तासाला मात्र ही स्वतः सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. मला वाटलं, राग निवळला. माझ्या खुर्चीमागून जाताना पाठीवर थोपटल्यासारखंही केलं. मी सुखावलो.

एवढ्यात वर्गात खुर्च्या सरकल्या. सगळे माझ्या पाठीकडे बघत उठून उभे राहिले. मी हात मागे नेऊन चिठ्ठी ओढून काढली. अक्षर हिचं, प्रयोग मी शिकवलेला: 'गेट रिड ऑफ'.

लिनसाहेबांनी बाह्या सरसावल्या, मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं आणि हो बाईंकडे वळून म्हणाले,

"या खेपेला चौघं लागतील."