नापास बादली

विद्याधरकाकांची आणि माझी ओळख बादलीत डोकं घालून झाली. खोटं नाही सांगत. नोकरीसाठी मी नुकती अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला राहायला आले होते, खोकीसुद्धा सोडली नव्हती. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर पांढरी मिशी, कडक इस्त्रीची हाफ पँट आणि छातीशी धरलेली झाकणाची मोठी पांढरी बादली. "मी शेजारचा. काल तुझ्याकडच्या फोडणीवरून ओळखलं, मराठी आहेस. पाच मिनिटं नाक देतेस?" नाव नाही, गाव नाही, एकदम नाकच! मी आपली घातली मान बादलीत. "आता स्वतःच्या बाहीचा वास घे, नाक ताजं होतं. हं. आता परत हुंग. पास की नापास?"

"नापास," मी म्हटलं. "लोणच्याचा वास येतोय, काका."

त्यांनी वळून आपल्या घराकडे हाक दिली, "ऐकलंस? त्रयस्थ माणूस सांगतोय!" त्या दारातून एक ठेंगणी, हसरी बाई ओरडली, "आधी त्या पोरीला चहा विचारा!" त्या सुलभाकाकू.

काका हौसेनं गॅरेजमध्ये बिअर करायचे आणि ती आंबायची या बादलीत. एका उन्हाळ्यात मराठी मंडळासाठी काकूंना ढीगभर कैरीचं लोणचं घालायचं होतं. बरण्या पुरेनात. गॅरेजमध्ये घट्ट झाकणाची स्वच्छ, रिकामी बादली दिसली, त्यांनी घातलं त्यात. प्लास्टिकच ते, हिंग-मोहरी पिऊन बसलं. पुढची बिअर मंडळींनी तोंडं वाकडी करत प्यायली. एकानं म्हणे सोबत दहीभात मागितला.

दुसरा कुणी नवी बादली आणून मोकळा झाला असता. स्वस्तात मिळते. मी तसं म्हटलं, तर काका उखडलेच. "नवी कुणीही आणेल! उभा जन्म कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीत, क्लीनरूममध्ये काढला मी. डोळ्यांना न दिसणारा कण शोधून काढायचो. मला एक लोणचं हरवणार?"

"घासायचं नाही, भिजवायचं," हे त्यांचं ब्रीद होतं. घासलं की ओरखडे पडतात आणि वास त्यात घर करतो. म्हणून कोमट पाण्यात बिनवासाची पावडर घालून बादली भिजत ठेवायची, मग खाण्याचा सोडा, मग झाकण काढून मागच्या अंगणातल्या भिंतीशी उन्हात. अ‍ॅरिझोनाचं ऊन, म्हणजे बघायलाच नको. झाकणातली रबराची रिंग मात्र वेगळी काढायची. "बादली बिचारी साधी असते गं. वास लपतो तो या रिंगेत." एवढं सगळं झालं की माझी बेल वाजायची. स्वतःच्या नाकावर त्यांचा भरवसा नव्हता. घरातलं नाक सरावतं, खोटं बोलतं, म्हणायचे. मला ते इन्स्पेक्टर म्हणू लागले.

गंमत अशी, की बादली पास व्हायच्या बेताला आली की उन्हाळा यायचा आणि काकू पुन्हा त्यातच लोणचं घालायच्या. "अहो, नाहीतरी वास लागलाय ना तिला? आणखी एक बादली कशाला बिघडवू?" त्याच भिंतीशी त्यांच्या कैऱ्यांच्या फोडी वाळत. मी शेजारी बसून मेथी किती तळायची ते शिकत असे. काका डोकं धरून बसत. पण इंडियन ग्रोसरीतून कैऱ्या कोण निवडून आणायचं? तेच. एकेक दाबून, हुंगून.

मग काकू आजारी पडल्या. पोटाचा कॅन्सर, तोही उशिरा कळलेला. त्या उन्हाळ्यात कैऱ्या आल्या नाहीत. धुऊन उन्हात ठेवलेली बादली हॉस्पिटलच्या धावपळीत तशीच भिंतीशी उघडी राहिली. पानं झडायच्या आधी काकू गेल्या.

दिवसकार्य झालं, मुलगी रेवा न्यू जर्सीला परत गेली, आणि माझी बेल वाजली. काकांच्या हातात बादली नव्हती. काचेची छोटी बरणी होती, आत ती रबराची रिंग. "बादलीचा वास उन्हानं पार नेला गं. ही ड्रॉवरमध्ये होती म्हणून वाचली. बघ जरा. आहे का?"

मी हुंगलं. बाही हुंगली. परत हुंगलं. हिंग, मोहरी, मेथी, सगळं होतं. काकूच होत्या. "आहे, काका. नापास."

"नापास ना? शाब्बास!" म्हणाले आणि घाईघाईनं झाकण घट्ट लावलं. "उघडं ठेवलं की उडतो."

त्यानंतर ते अधूनमधून यायचे. मी म्हटलं, काका, मला काकूंनी शिकवलंय, मी घालते की बादलीत लोणचं. "नको. तुझ्या हाताचा वास लागेल." बरोबर होतं त्यांचं. "मला तर येतोच गं," एकदा म्हणाले, "गाडीत येतो, उशीला येतो. म्हणून तर माझ्या नाकाचं खरं मानायचं नाही. तू सांगितलंस की खरं." मी 'आहे' म्हणायचे. पण दर वेळी तो वास थोडा कमी असायचा.

आणि एके दिवशी नव्हताच. मी बाही हुंगली, रिंग हुंगली, पुन्हा बाही. नुसतं रबर. काका माझ्याकडे टक लावून बघत होते. खोटं बोलायचं अगदी जिभेवर आलं होतं, पण त्यांच्यासमोर ते जमेना आणि खरं सांगणं तर मुळीच जमेना. मला रडूच फुटलं.

त्यांनी बरणी माझ्या हातातून हळूच घेतली. "अगं, रडतेस काय वेडे?" झाकण न लावताच ते म्हणाले, "पास झाली म्हणायची शेवटी."

मग ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. इतकी वर्षं या एका शब्दासाठी जीव टाकला होता माणसानं! मला त्या शब्दाचा इतका राग आला की काय सांगू.

त्या थंडीतच काका झोपेत गेले. घर आवरायला रेवा आली, तेव्हा तिनं बादली दाराशी आणून ठेवली. "ताई, डू यू वॉन्ट धिस? मला टाकवत नाहीये." बरणीतली रिंग मीच झाकणात परत बसवली.

उन्हाळा आला तशी मी कैऱ्या आणल्या. दाबून, हुंगून. काकांनी नको म्हटलं होतं, माहीत आहे. पण रिकामी बादली रोज डोळ्यांसमोर, मला बघवेना. काकूंच्याच मापानं लोणचं घातलं, महिनाभर मुरलं, बरण्यांत भरलं. बादली भिजवली, सोडा लावला, उन्हात ठेवली. मग माझीच पंचाईत झाली. वास येत होता, पण काकूंच्या लोणच्याचा का माझ्या, ते मला कळेना. माझंही नाक आता घरातलं झालं होतं.

घर विकायच्या सह्या करायला रेवा आली, तेव्हा मी तिच्यापुढे बादली धरली. "नाक दे जरा." ती हसली. तिनं मान आत घातली. स्वतःची बाही हुंगली. परत मान आत घातली आणि किती तरी वेळ वर काढलीच नाही.

"नापास," आतून आवाज आला. "ताई, नापास. आईचंच आहे."

हे ऐकायला काका हवे होते हो.