बंद कंपनीतून जाणारी वाट

माझं पोट मुंग्यांवर चालतं, असं मी नव्या माणसाला मुद्दाम सांगायचे. समोरचा गोंधळला की मला मजा वाटायची. हल्ली सांगत नाही.

काम तसं साधं. ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं छोटं ऑफिस आहे, तिथे आम्ही रस्ते सुचवणारे प्रोग्रॅम लिहितो. डोंबिवलीतल्या एका लॅबचं काम माझ्याकडे आलं. लॅबची दहा-बारा माणसं सकाळी सहापासून स्कूटरवरून घरोघर जाऊन उपाशीपोटीचं रक्त घेतात आणि नळ्या वेळेत लॅबमध्ये पोचवतात. कोणी कुठून जायचं ते त्यांच्या फोनवर माझा प्रोग्रॅम सांगणार होता. तो मी मुंग्यांच्या रीतीने लिहिला. मुंगी कोणाला रस्ता विचारत नाही. भटकते, आणि चालताना मागे वास सोडते. जवळच्या वाटेने गेलेली मुंगी साखर घेऊन लवकर परतते, त्या वाटेवर वास वाढतो, मागच्या तिकडे वळतात, वास आणखी वाढतो. लांबच्या वाटेवरचा वास हळूहळू उडून जातो. माझ्याकडे वासाच्या जागी आकडे होते आणि मुंग्यांच्या जागी लॅबची माणसं.

त्यात मी एक जादा शहाणपणा केला. डोंबिवलीचे नकाशे म्हणजे आनंदच आहे. निम्म्या गल्ल्या त्यात नाहीत, आणि ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच कोणा बिल्डरने पत्रे ठोकून बंद केल्यात. म्हणून मी नकाशाची अटच काढून टाकली. स्कूटर जिथून गेली, तो रस्ता. मीटिंगमध्ये ऐटीत म्हणालेसुद्धा, "मुंग्यांना कोणी सांगतं का, इथून जा आणि तिथून जाऊ नका?" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

लॅबच्या त्या माणसांत माझी नणंद होती. नवऱ्यापासून वेगळी होऊन आमच्याकडे आलेली, पस्तिशी उलटल्यावर लॅबचा कोर्स केलेली. ही नोकरी तिला मीच लावून दिली. मी तिला चिडवायला वन्सं म्हणायचे, आणि ती मला "वहिनीसाहेब, तुमच्या मुंगीला चहा मिळेल का?" असं विचारायची. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवरा सातला बाहेर पडायचा. मी साडेनऊला निघायचे, त्याआधी तिने घरी यायला हवं, हा माझा नियम होता. दहा मिनिटं उशीर झाला की मी काही बोलायचे नाही. नुसती भांडी आपटायचे.

महिन्याभरात माझ्या पडद्यावर एमआयडीसीच्या भागात एक पिवळी रेघ उमटली. नकाशावर तिथे काहीच नव्हतं, नुसता पांढरा चौकोन. शिळफाट्याकडच्या टॉवरांतून लॅबकडे यायला ती सर्वांत जवळची निघाली. आठवड्यात रेघ जाड झाली, आणि मग सगळेच तिच्यावरून जाऊ लागले. मी खूश होते. नणंद नव्हती.

"वहिनी, ती बंद कंपनी आहे. मागची भिंत पडलीय, तिथून स्कूटर निघते. पण मला तिथे बरं नाही वाटत. रोज वेगळाच वास असतो."

वासाचं डोंबिवलीकराला काय सांगायचं? आम्ही खिडकी लावून घेतो आणि चहा टाकतो. मी तेच म्हणाले.

"परवा दोन कुत्री मरून पडलेली. आज तिसरं होतं."

"मग जाऊ नकोस तिथून."

"नाही गेले तर तुझं ॲप माझं नाव लाल करतं."

ते मला माहीत होतं. लाल रंग मीच दिला होता.

एका रविवारी तिच्या मागे बसून मी बघायला गेले. कंपनीच्या गेटला गंजलेलं कुलूप होतं, पण आतल्या मातीत टँकरच्या चाकांचे उमटलेले ओले पट्टे होते. नाल्याच्या कडेचं गवत जळून काळं पडलं होतं. कावळा नाही, चिमणी नाही. आणि त्या सगळ्यातून स्कूटरच्या चाकांनी घोटून गुळगुळीत झालेली एक वाट गेली होती. ती वाट पाहून मी घाबरले. इतकी वापरातली वाट, आणि तिच्यावर कोणी थांबत नव्हतं.

सोमवारी साहेबाकडे गेले. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण हुशार.

"मॅडम, लॅबवाले खूश आहेत. कम्प्लेंट कोणाचीच नाही. आणि मुंग्यांना कोणी सांगतं का? तुम्हीच बोललेलात."

माझेच दात माझ्याच घशात. मग मी संध्याकाळी सगळे गेल्यावर ती रेघ स्वतःच्या हाताने पुसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती परत उमटली होती, कारण माणसांना आता वाट पाठ झाली होती. पुन्हा पुसली, पुन्हा उमटली. चार दिवस हा खेळ चालला. पाचव्या दिवशी रागाच्या भरात मी शोधून काढलं की तिथे पहिला वास कोणी सोडला. माझ्या नणंदेचा नंबर निघाला. सकाळचे नऊ वाजून नऊ मिनिटं, लॅबमध्ये नळ्या टाकायला निघालेली, तिथून पुढे घरी. त्या दिवशी ती वेळेत आली असणार, म्हणजे मी भांडी आपटली नसणार.

त्या रात्री जेवताना मी तिला म्हणाले, उशीर झाला तरी चालेल गं. तिने हसून "तुझी गाडी चुकते ना" म्हटलं आणि आमटी वाढून घेतली.

शेवटी मी एक युक्ती केली. प्रोग्रॅममध्ये नियम घातला, की पेशंटचं दार सोडून कोणत्याही वाटेवर कोणी पाच मिनिटं अडकलं तर तिथला वास एका झटक्यात शून्य व्हावा, आणि मागून येणाऱ्यांच्या फोनवर मोठ्या लाल अक्षरांत "पुढे रस्ता बंद" असं यावं. वाट पाठ असलेलाही वळेल इतकी मोठी अक्षरं. साहेबाला सांगितलं, ट्रॅफिकसाठी आहे. त्याला ते फार आवडलं. माझा हिशोब वेगळा होता. कधी ना कधी कोणाची तरी स्कूटर तिथे पंक्चर होईल, आणि ती मेली वाट आपोआप बंद पडेल.

आठ-दहा दिवसांनी, सकाळी सातला, ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी चहा करत होते. पाहते तर पिवळी रेघ गायब. लांबच्या रस्त्याची रेघ जाड होत चालली होती, म्हणजे दोन्ही बाजूंनी स्कूटरी तिकडून वळत होत्या. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना चहा देताना जाऊन सांगितलं, आपली पोरगी सुटली त्या कंपनीतून. कोण कुठे आहे ते ठिपके बघायला आणखी एक बटण दाबावं लागायचं. मी ते दाबलं नाही.

आठ वाजता मीच तिला फोन लावला, ही बातमी द्यायला. पलीकडे एक अनोळखी बाई बोलली, जवळच्या गावातली, म्हशींसाठी गवत कापायला निघालेली.

"तुमची बाय हितं परलीय कवाची. तोंडाला फेस हाय. कोनी आलाच नाय बगाला."

पहाटे कोणीतरी नाल्यात टँकर रिकामा करून गेलं होतं. सातला दहा कमी असताना ती तिथे पोचली, चक्कर येऊन पडली, आणि स्कूटर पायावर आली. सव्वा तास ती तिथे होती. लवकर आणलं असतं तर छाती एवढी खराब झाली नसती, असं डॉक्टर म्हणाले, आणि मी मान डोलावली.

ती वाचली. आता सासूबाईंच्या पलंगाशेजारी तिचा पलंग आहे आणि मध्ये ऑक्सिजनचं मशीन. स्वयंपाकघरापर्यंत येताना ती दोनदा भिंतीला टेकते. त्या सकाळबद्दल ती बरेच दिवस बोलली नाही. मग एका दुपारी, मी तिचे केस विंचरत असताना, बोलली.

"माझ्या मागे रोज पाच मिनिटांवर दोघी असायच्या, वहिनी. पडल्यावर मी तेच घोकत होते, आता येतील, आता येतील. आल्या पण. भिंतीपलीकडे स्कूटरचा आवाज ऐकला मी. थांबल्या, आणि वळून गेल्या. हाक मारायला आवाजच फुटेना." श्वासासाठी ती थांबली. "तुझ्या ॲपला माहीत होतं ना गं, मी तिथे पडलेय ते?"

माझा हात तिच्या केसांत होता. हो, म्हणाले.

"मग त्याने त्यांना काय सांगितलं?"