सोपानची पाखरं

दुकानाचं शटर निम्मं वर केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. सोपानची लेक, संगीता. "काका, अप्पा गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" काय हा प्रश्न! पण आदल्याच संध्याकाळी तो माझ्या दुकानात स्टुलावर बसून चहा पिऊन गेला होता, मग दुसरं काय सुचणार? झोपेतच गेला. थंडीचे दिवस, पहाटे कधीतरी... कुणाला कळलंसुद्धा नाही. त्याला आता सहा आठवडे होतील.

सोपान मूळचा कुरवंड्याचा. उभं आयुष्य वलवणला एका बंगल्याची राखण आणि बागकाम करण्यात गेलं. मी लोणावळ्यात शिवणकाम करतो आणि दिवसभर बडबडतो, तो चार शब्दांत काम भागवायचा. तरी चाळीस वर्षं आमचं जमलं. तीन वर्षांपूर्वी बंगल्याच्या मालकांच्या नातीची हौस फिटली आणि दोन पक्षी पिंजऱ्यासकट सोपान आणि पारूवहिनींच्या खोलीत येऊन पडले. दुकानदार लव्हबर्ड म्हणून विकतात ते, खरं नाव बजरीगर. एक हिरवा नर, एक निळी मादी. सोपान नुसतं 'पाखरं' म्हणायचा. इतकी बुजलेली, की माणूस जवळ गेला की धडाधड जाळीवर आपटायची. मी म्हटलं, "अरे, मुठीत धर. दोन दिवसांत सवय होईल." तो म्हणाला, "तुला धरलं मुठीत, तर तुला सवय व्हईल का रं?"

मग सुरू झाला त्याचा उद्योग. पहिले पंधरा दिवस नुसता पिंजऱ्याशेजारी बसायचा. नंतर पिंजऱ्याचं दार उघडून तळहातावर राळ्याचे दाणे घेऊन हात आत. अर्धा-अर्धा तास. हात हलवायचा नाही, त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. मी चिडवायचो, "हात अडकलाय का? कातरी आणू?" बागेत कुदळ मारून राठ झालेला तो हात, पण जरा म्हणून थरथरत नसे. दोन महिन्यांनी निळी हातावर आली आणि दाणा टिपून पळाली. त्या दिवशी हा माणूस वलवणहून चालत माझ्या दुकानात आला, का तर एवढंच सांगायला. मी गिऱ्हाइकासमोर हसलो त्याला. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

पुढं पोटाखाली अलगद बोट लावलं की ती बोटावर चढायला लागली. मग बाहेर काढायची वेळ आली. त्याचेही केवढे सोपस्कार! आधी पंखा बंद. खिडक्या लावायच्या, काचेवर धडकू नयेत म्हणून पडदे ओढायचे, आरशावर टॉवेल, पाण्याच्या बादलीवर झाकण, चूल थंड. एवढं झाल्यावर दार उघडायचं आणि गप्प बसायचं. हात घालून ओढायचं नाही. पहिल्यांदा निळी बाहेर आली ती थेट पडद्याच्या दांडीवर जाऊन बसली, दोन तास खाली येईना. मला बाहेर जाता येईना, दार उघडायची बंदी. मी म्हटलं, "काठीनं हुसक की लेका!" "न्हाई. भूक लागली की आपली आपण येईल. तू तेवढा गप बस." आणि आली. पुढं माझ्याही बोटावर येऊ लागली ती... तिच्या नखांची ती इवलीशी पकड मला आवडायची, पण कबूल कोण करतो?

गेल्या दिवाळीच्या सुमारास तो अचानक म्हणाला, "मला काय झालं तर ही तुझ्याकडं. पारूला कमी दिसतं, तिला जमायचं न्हाई. व्हय म्हण." मी म्हटलं, "हो रे बाबा, हो. तुझ्याआधी मीच जाईन." घरी येऊन सूनबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बाबा, घरात तान्हं बाळ आहे. पिसं उडतील, घाण होईल." मी विषय सोडून दिला. सोपानला मात्र काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही परत आलो. पारूवहिनींची साखर वर-खाली झाली होती. डॉक्टरांनी सुई दिलेली, त्या आत झोपल्या होत्या. सोपानचे थोरले भाऊ, कुरवंड्याचे आबा, पिंजरा घेऊन अंगणात आले. डोळे रडून लाल. "त्याचा जीव ह्यात अडकलाय. पाखरं मोकळी करू, म्हंजी त्यालाबी वाट मोकळी व्हईल." माणूस अगदी मनापासून बोलत होता, सगळ्यांनी माना डोलावल्या. ही पिंजऱ्यात जन्मलेली पाखरं, त्यांना ना रानातलं खाणं ठाऊक, ना घार ठाऊक, हे त्या अंगणात एकट्या मला माहीत होतं. "आबा, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. दिवसभर टकळी चालवणारा मी, नेमकी तेव्हाच दातखीळ बसली. लोकांना सांगतो, की भावाच्या दुःखात आपण परक्यानं कसं बोलायचं... खोटं आहे ते. मनात आलं होतं, चला, परस्पर सुटका झाली, आता सूनबाईंशी वाद नको.

हिरवा भुर्रकन जांभळीच्या शेंड्यावर गेला, तो पुन्हा दिसला नाही. निळी कपड्यांच्या तारेवर बसली, माझ्यापासून हातभर लांब. मान वाकडी करून माझ्याकडं बघत होती. नुसतं बोट पुढं करायचं होतं. माझे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात होते, ते मी खिशातच ठेवले. थोड्या वेळानं दोन कावळे तिच्या मागं लागले आणि ती मागच्या बंगल्याच्या छपरापलीकडं दिसेनाशी झाली.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, शिवेनात. आबा हात जोडून म्हणाले, "पारूला काय कमी पडू द्यायचो न्हाई." नाही शिवले. जावई म्हणाले, "संगीताची काळजी करू नका." नाही शिवले. भटजींनी विचारलं, अजून काही इच्छा राहिली होती का त्यांची? सगळे माझ्याकडं बघायला लागले, जुना दोस्त ना मी! मी नकारार्थी मान हलवली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. कावळा शिवण्यावर माझा विश्वास नाही. पण त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

वहिनी महिनाभर कुरवंड्याला होत्या. परत आल्याचं कळलं तसा गेल्या रविवारी भेटायला गेलो. पाखरं माझ्याकडं द्यायची, हे सोपाननं त्यांना सांगून ठेवलं होतं, पुढचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दिवसपाण्याच्या गडबडीत कोण सांगणार? पाण्याचा तांब्या माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "भावजी, पाखरं रमली का तुमच्याकडं? बोटावर येत्यात का?"

"येतात," मी म्हणालो.

वहिनी हसल्या. सोपान गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या असतील. "लय बरं झालं. ह्यांचा सारा जीव त्यांच्यात व्हता. एकदा घेऊन या, बघीन तरी." मी हो म्हटलं, पाणी प्यायलो आणि निघून आलो.

पेपरच्या रविवारच्या पुरवणीत गेलेल्या माणसांच्या आठवणी छापतात, त्यासाठी सोपानवर लिहाल का, अशी विचारणा झाली तेव्हा मी लगेच तयार झालो, त्याचं कारण एवढंच. तोंडानं सांगायचं धाडस माझ्यात नाही, आणि रविवारचा पेपर संगीता माहेरी येऊन आईला वाचून दाखवते. वहिनी, पाखरं माझ्याकडं नाहीत. कधीच नव्हती. आबांना बोल लावू नका, त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. आज दुपारी मी तुमच्याकडं येतोय. दार उघडलं नाहीत, तर बाहेर पायरीवर बसून राहीन.