शैलामावशी सौम्य नव्हती

बुकित पंजांगच्या एलआरटीत, इथल्या छोट्या मेट्रोत, उभी होते. हातात नुकत्याच छापून आणलेल्या हक्कांच्या पत्रकांचा गठ्ठा होता, आणि फोनवर अरविंदकाकांचं एवढंच आलं, "शैला गेली. तू ये." मावशी आजारी होती हे ठाऊक होतं, तरी पुढच्या दोन स्टेशनांवर दारं कधी उघडली, कधी मिटली, कळलं नाही. संध्याकाळी तिच्या जुन्या शाळेचा शोकसंदेश फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. फुलांच्या चौकटीत तिचा फोटो आणि खाली, "आमच्या सदैव हसतमुख, सौम्य शैला मॅडम…" तेव्हापासून महिना उलटला, माझा संताप काही उतरलेला नाही. कारण मावशी सौम्य नव्हती. तिला सौम्य म्हणणं ही त्या शाळेची सोय आहे.

मावशी त्या छोट्या खाजगी शाळेत इंग्रजीत मागे पडणाऱ्या मुलांना शिकवायची. तिथे होदन आली, दहा वर्षांची सोमाली मुलगी. वडील जहाज कंपनीत, आई साहरा, घर मरीन परेडला. चार महिन्यांत होदनवर शिक्का बसला, उर्मट. वर्गशिक्षक बोलावतात तर उठत नाही. खुर्चीला चिकटून, मान खाली घालून बसते. "माझ्याकडे बघ" म्हटलं तर आणखीच खाली बघते. घरी पत्र गेलं की सुधारणा नसेल तर पुढच्या सत्रापासून दुसरी शाळा पाहावी. म्हणजे सभ्य भाषेत हकालपट्टी.

मावशीने काय केलं? ती साहराच्या घरी गेली, बस्स. इतकी साधी गोष्ट त्या इमारतीतल्या एकाही पगारदार माणसाला सुचली नव्हती. वेलदोडा-दालचिनीचा, साखरेने दाट झालेला चहा आला. पहिला कप संपेपर्यंत मुलीचा विषयच नाही. तब्येत, प्रवास, माहेरची माणसं, कोण कुठे असतं… "अगदी आपल्या साताऱ्यासारखं गं," मावशी मला नंतर म्हणाली, "सगळी ख्यालीखुशाली झाली आणि खरी गोष्ट निघाली उंबऱ्यात, मी चपला घालताना." सर तर्जनी वाकवून 'इकडे ये' करतात, आणि साहराच्या लोकांत तसं कुत्र्याला बोलावतात. माणसाला अख्ख्या हाताने बोलवायचं, तळवा खाली करून. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायची, हेही होदनला घरीच शिकवलेलं. म्हणजे पोरगी दिवसभर अपमान गिळत होती, वर आदरही दाखवत होती, आणि शाळा त्या दोन्हींना मिळून उर्मटपणा म्हणत होती.

"मग शाळेला सांगितलं का नाही?" मावशीने विचारलं.

"त्यांनी मला विचारलं नाही," साहरा म्हणाली. "त्यांनी मला सांगितलं."

माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून इतकं नेमकं वाक्य मी लिहिलेलं नाही.

आणि आपले लोक? तेही ऐका. त्याच आठवड्यात मराठी मंडळींच्या जेवणात मावशीने हा विषय काढला, तर बँकेतले एक गृहस्थ श्रीखंड वाढून घेता घेता म्हणाले, "सोमाली? म्हणजे चाच्यांची मुलगी की काय! वहिनी, पर्स सांभाळा हो." टेबल हसलं. मावशी म्हणाली, "भाऊजी, चाचे निदान बोटीतून येतात. तुम्ही टाय लावून येता." परतताना काका कुरकुरले, "अगं, चारचौघांत…" "चारचौघांतच तर तो बोलला ना, अरविंद?"

मग ती बैठक. प्रिन्सिपल, वर्गशिक्षक, समुपदेशक, साहरा आणि मावशी. मावशीने शांतपणे सगळं सांगितलं. प्रिन्सिपल म्हणाले, "मॅडम, इथे अनेक देशांची मुलं आहेत, प्रत्येकाच्या चालीरीती कुठे बघत बसणार? तो साधा इशारा आहे. राग येण्यासारखं त्यात काय आहे?" मावशी उठली, टेबलाच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि प्रिन्सिपलांकडे बघत तर्जनी वाकवली. एकदा. पुन्हा एकदा. वर जिभेने च्‌-च्‌ केलं. माणूस कानापर्यंत लाल झाला. "मिसेस शैला!"

"सर, तुम्हाला एका क्षणात राग आला," मावशी म्हणाली. "ती चार महिने गप्प बसली आहे. उर्मट कोण?"

होदन शाळेत राहिली. मावशीचा करार पुढे वाढला नाही. कारण लेखी दिलं, 'पुनर्रचना'. पुढच्या वर्षी शाळेने 'संस्कृती दिन' साजरा केला. झेंडे, समोसे, मुलांच्या गालांवर रंग. हाताने कसं बोलवावं याबद्दल शिक्षकांना कुणी एक शब्द सांगितला नाही. मावशी मात्र दर शनिवारी हौगांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर होदनला शिकवत राहिली, अगदी दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्यावरही.

आता ऐका, कशाने डोकं फिरलं ते. मावशी गेल्यावर शाळेने श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरवला आणि होदनला बोलायला सांगितलं. चौदा वर्षांची होदन, शाळेची शोभा, हिजाबमधला छान फोटो. ती हो म्हणाली. मग निरोप आला की भाषण आधी लिहून द्यावं, तपासून परत मिळेल. होदन म्हणाली, गेलेल्या माणसाबद्दल आमच्याकडे कागदातून बोलत नाहीत, उभं राहून बोलतात. माझी आजी तर कवितेत बोलते. शाळा म्हणाली, कागद नाही तर भाषण नाही. कार्यक्रमपत्रिकेतून तिचं नाव उडालं. इतक्या वर्षांत इतकंच शिकलात?

त्या शनिवारी ती साहराबरोबर हौगांगला आली. काकांनी दार उघडलं. टेबल तसंच होतं, पेनाचे ओरखडे पडलेलं. होदन बसली नाही. "अंकल, मला टीचरच्या बाबांचं नाव हवंय."

"दत्तात्रय."

"त्यांच्या बाबांचं?"

"विनायक."

"आणि त्यांच्या?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिची सख्खी भाची, ते माझेही पूर्वज, आणि मला ठाऊक नव्हतं. "एवढं कशाला लागतं गं?" मी विचारलं.

होदनने माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं पाहिलं आणि वाक्याला इथल्या पोरांची 'लाह' ही शेपटी जोडत म्हणाली, "मग लोकांना कळणार कसं लाह, ती कोणाची होती?" साहरा म्हणाली, त्यांच्यात बाई लग्नानंतरही बापाचंच नाव लावते, आणि लहान मुलंसुद्धा आपल्या पूर्वजांची नावं धडाधड म्हणून दाखवतात.

मला तेराव्याचे गुरुजी आठवले. मावशीला सासरच्या गोत्रात बसवून, सासू-आजेसासूंच्या रांगेत लावून त्यांनी तिला मार्गी लावलं होतं. माहेरच्या एकाचंही नाव कुणी घेतलं नाही. मीही तोंड उघडलं नाही… आणि हक्कांची पत्रकं मी छापते!

काकांनी साताऱ्याला मामाला फोन लावला. मामा गडबडला. "रामचंद्र. त्याच्या पुढचं? थांबा, आत्याला विचारतो." फोन स्पीकरवर. पलीकडे नव्वदीतली आत्या ओरडून विचारत होती, "कोणाला हवंय म्हणे?" मामा म्हणाला, "शैलाच्या विद्यार्थिनीला." मग आत्याचा आवाज आला, "बाळंभट. आणि त्याचा बाप मोरेश्वर. लिहून घ्या म्हणावं."

होदनने लिहून घेतलं नाही. मावशीच्या खुर्चीमागे उभी राहिली, खुर्चीच्या पाठीवर तळहात ठेवला, आणि फोन चालू असतानाच म्हणाली, "शैला दत्तात्रय विनायक रामचंद्र बाळंभट मोरेश्वर." मग तिच्या भाषेत, तालात, ती बोलू लागली.