दोन आठवडे वजा

लातूरला मी बारावीच्या आणि रिपीटरच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. मानवी गर्भाची सुरुवात हा धडा इतक्यांदा शिकवलाय, की फळ्यावर गोल काढताना माझं लक्ष मागच्या बाकावरच्या मोबाइलवर असतं. एक पेशी, दोन, चार, आठ. मग तुतीच्या फळासारखा दिसणारा गोळा, मोरुला. मग आत पाणी भरून पोकळ झालेला ब्लास्टोसिस्ट, जो आठवडाभरानं गर्भाशयाच्या अस्तरात रुततो. "इथं मार्क ठरलेले," असं मी दरवर्षी म्हणते.

दरवर्षी आणखी एक गोष्ट सांगते, जरा दटावूनच. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, आपलं पुस्तक फलनापासून. दोघांत साधारण दोन आठवड्यांचा फरक. तेव्हा आधी दोन्ही आकडे एका मापात आणायचे, मगच तुलना करायची. एकीकडचे दोन वजा करून दुसरीकडचे विसरणाऱ्या मुलांवर मी फार चिडते.

लग्नानंतर आठ वर्षांनी मला दिवस राहिले. घर नांदेडला. नवरा आणि सासूबाई तिथं, मी आठवडाभर लातूरला भाड्याच्या खोलीत आणि शनिवारी लोह्यावरून एसटीनं घरी. अशाच एका शनिवारी नांदेडला सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन जरा स्वतःकडे वळवली.

"सात आठवडे झालेत ना? गर्भ लहान वाटतोय. ठोके दिसत नाहीत अजून, एरवी सहाव्यात दिसायला लागतात. दहा दिवसांनी परत बघू."

रिक्षात मी नवऱ्याला समजावून सांगितलं. त्यांचे सात म्हणजे खरे पाच. ठोके दिसणार सहाव्यात. म्हणजे वेळ आहे अजून. त्याचा चेहरा लगेच खुलला. बायको हेच शिकवते म्हटल्यावर तिचं चुकणार कसं?

घरी त्यानं सासूबाईंना सगळं ठीक असल्याचं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बस होती. त्याआधी त्यांनी पुढचं दार लावून घेतलं, कडीही घातली आणि मला पाटावर बसवलं. तिसऱ्या महिन्यात कोणाला कळू न देता घरातल्या घरात भरतात ती चोरओटी.

"आई, अजून तिसरा लागला नाही."

"लागल की. तू तिकडं लातूरला, मी हितं. मग वटी काय पार्सलनं धाडू व्हय?"

खण, तांदूळ. नारळ कानाशी हलवून पाहिला, आतलं पाणी वाजल्यावर पदरात घातला. तो नारळ मी लातूरच्या खोलीत पुस्तकांशेजारी ठेवला.

गुरुवारी वर्गात तोच धडा होता. पहिल्या बाकावर अर्धापूरकडची एक मुलगी बसते, शंका काढण्यात पटाईत. तिनं हात वर केला. "मॅडम, डॉक्टर म्हणतात ठोके सहाव्या आठवड्यात, आपल्या पुस्तकात चौथ्याच्या आसपास. खरं कोणतं?"

"दोन्ही खरं," मी म्हणाले. "डॉक्टरांचा सहावा म्हणजे आपला..."

खडू फळ्यावर टेकलेला होता. आपला चौथा. माझ्या पाचातून मी दोन वजा केले होते, त्या सहातून केलेच नव्हते. माझे पाच केव्हाच चौथ्याच्या पुढं गेले होते.

मी 'चौथा' लिहिलं, त्याभोवती चौकट काढली आणि वहीत उतरवून घ्या म्हणाले. मला काहीच वाटलं नाही. घाबरलेही नाही. पुढचे तीन थर शिकवले, कशापासून कातडी, कशापासून स्नायू, कशापासून आतडी. मग खानावळीत जाऊन जेवले. वरण अळणी होतं, तेही सांगितलं नाही कोणाला. जादा तासाचं निमित्त करून त्या शनिवारी घरी गेले नाही. नवऱ्याला फोनवर यातलं काही सांगितलं नाही. मंगळवारपर्यंत तरी त्याला खूश राहू दे, असं वाटलं.

मंगळवारी मोजमाप दहा दिवसांपूर्वी होतं तेवढंच निघालं, वाढ सहा आठवड्यांवरच थांबलेली. ठोके नव्हते. डॉक्टरीणबाई सावकाश समजावत होत्या आणि मी समोरच्या बाकावर बसल्यासारखी मान हलवत होते. गोळ्या घेतल्या. जे व्हायचं ते दोन दिवसांत घरीच झालं. ओटी चोरून भरलेली, त्यामुळे गल्लीत कोणाला काही ठाऊक नव्हतं आणि भेटायलाही कोणी येणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई चहा घेऊन उशाशी बसल्या. पुढचं दार उघडंच होतं.

"किती दिसाचं व्हतं गं?"

मी शिकवते तसंच सांगितलं. "डॉक्टरांच्या मोजणीनं सहा आठवडे. पुस्तकाच्या मोजणीनं चार."

त्यांनी चहा बशीत ओतून माझ्यापुढं धरला.

"मी तं तुमच्या लग्नापासून मोजून राहिले व्हते," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला रडू फुटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांच्या मांडीत तोंड खुपसून रडले, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल इतकं. दार लावायला त्या उठल्या नाहीत.