आईची फोनवरची वसुली

आईच्या लेखी फोनवर बोलणं म्हणजे समोरच्याचा खिसा कापणं. निलंग्याहून ती मला मिस कॉल द्यायची. मी उलट लावला की, "बरी हायेस ना? मी लई मजेत हाय. ठेव आता, बिल येईल," आणि फोन बंद. वडील गेल्यापासून घरात ती एकटीच. मजेत म्हणजे नेमकी कशी, हे मला काही केल्या कळत नव्हतं. तिला तसंच ठेवून परदेशात राहायचं की नोकरी सोडून परत जायचं, हा घोर मला कायम लागलेला असायचा.

आधी मी दुबईत होते. तिथं इंटरनेटवरून फुकट बोलायची सोय बंद, साधा फोन लावला तर मिनिटामिनिटाला दिरहम जायचे. तेव्हा तिचं "ठेव" माझ्या पथ्यावरच पडायचं. मग कॅनडात आले. इथं महिन्याचं बिल घसघशीत, वर कर वेगळा. पण त्यातच भारतात हवं तेवढं बोला. आपल्याकडे तेवढ्या पैशात अख्ख्या गल्लीचे रिचार्ज होतील. आपल्याकडच्या या स्वस्ताईचं मला भारी कौतुक. आईला ते नव्हतं. रिचार्ज अठ्ठावीस दिवसांत संपतो म्हणून ती म्हणायची, "ह्या कंपनीवाल्यांना फेब्रुवारीच तेवढा म्हाईत हाय!"

बोलणं फुकट आहे, हे तिला पटेना. फुकट कुणी काही देतं का, असं तिचं म्हणणं. एकदा मी वैतागून बोलले, "अगं, तू बोल नाहीतर बोलू नकोस, पैसे जायचे ते जातातच!"



"म्हंजे? न बोलताबी कापतेत?"

"हो."

"आन् हे आत्ता सांगायलीस? इतक्या दिवसाचे पान्यात गेले की माय!"

त्या दिवसापासून वसुली सुरू झाली. चाकूरच्या मावशीची म्हैस, शेजारणीच्या पोरीची सोयरीक, बाजारातली किडकी वांगी, काही म्हणजे काही सुटेना. अर्ध्या मिनिटात सगळी खुशाली उरकणारी ही बाई एका वांग्यावर तासभर बोलू शकते, हे मला ठाऊकच नव्हतं. मध्येच विचारायची, "झाले का वसूल?" मी म्हणायचे, "कुठं गं." मग ती नव्या दमानं सुरू. इतकी रंगवून सांगायची की मला तिचा अभिमान वाटायला लागला.

अशाच एका दिवशी ज्वारीचे भाव सांगता सांगता ती म्हणून गेली, "दळून आनलेल्या पिठात अळ्या झाल्या."

"का गं? भाकरी करत नाहीस?"

"एकटीसाठी कुठं तवा तापवायचा? च्या-टोस्ट खाती आन् पडती."

"मी परत येते," म्हणाले.

"येडी हायेस का? नौकरी सोडून?" ती खवळलीच. पण रागातही "ठेव" म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, "यायचं काई न्हाई. सांजच्याला सैपाकाच्या वक्ताला फोन लावत जा. मंग करीन मी भाकरी."

तिची संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ. मी चहाचा कप घेऊन बसते, ती फोन ओट्यावर ठेवते. भाकरी थापल्याचा आवाज येतो, मग ताटलीचा, मग कांदा फोडल्याचा. ती जेवायला बसली की मी गप्प राहते. काही विचारलं तर उत्तर द्यायला ती हातातला घास खाली ठेवेल.